पुकारा

“कृष्णाबायचं घर ह्येच न्हवं?”

हिरामण ओटीवर बसून छातीवरचा कोर्टाचा पट्टा उतरवत होता. बिल्ल्याची आकडी अर्धी निघाली होती, ती तशीच बोटांत राहिली. अंगणात कुणी बाई उभी होती आणि त्याच्या घराचा पत्ता त्याच्या बायकोच्या नावानं विचारत होती. अलिबागेत हे घर हिरामण शिपायाचं. कोर्टाच्या पायरीवर उभा राहून तो ‘अमुक बिन तमुक, हाजिर हो’ असं तीनदा ओरडला की चिंचेखाली डुलकी काढणारा पक्षकार धोतर सावरत उठायचा आणि बाजारात वाण्याचा तराजू धरलेला हात क्षणभर थांबायचा. लोक म्हणत, हा मेला की यमाच्या दारातही पुकारा हाच करील. जिल्ह्यातली किती नावं त्याच्या गळ्यातून गेली होती! चोरांची, खोतांची, तीसच्या सालात तर मिठाच्या चळवळीत धरलेल्या वकिलांचीसुद्धा. एकच नाव गेलं नव्हतं. नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. ख्रिस्ती झाल्यावर त्यानं बाकी सगळं सोडलं, ही रीत तेवढी राहिली, कारण ती सोड म्हणून कुणी सांगितलंच नाही. घरात ‘अगो’, लोकांत ‘आमच्या घरातून’. आणि ते न घेतलेलं नाव आता कुणीतरी त्याच्याच अंगणात उभं राहून सहज बोलत होतं, आणि त्याला ते पायात बारीक काच शिरावी तसं लागलं. रक्त नाही, पण पाऊल टेकवेना.

“भावजी, वळख न्हाय दिलीत?”

त्यानं नीट पाहिलं. सगुणा. थोरल्या भावाची, काळूरामची बायको. त्यानं बाप्तिस्मा घेतल्यापासून जिची सावलीही या अंगणात पडली नव्हती, ती कमरेला पदर खोचून, खाडीकाठचा वास घेऊन उभी होती.

“वयनी? या की. काय काम काढलंत?”

“जाव हाय ना घरात? तिच्याशी काम हाय.”

“माझ्याशी न्हाय?”

“तुमच्याशी कशाला? तुमचा आवाज काय, आमच्या मिठागरापर्यंत येतो,” असं म्हणून ती हसली आणि त्याच्या बाजूनं सरळ आत गेली. कृष्णाबाई ओल्या हातांनी बाहेर येत होती. दोघी उंबऱ्यातच बसल्या. सगुणानं कळशीतलं पाणी स्वतःच्या हातानं तांब्यात घेतलं आणि घटाघटा प्यायली. नऊ वर्षं ज्या घरानं हिरामणच्या घरचं पाणी बाटलेलं मानलं, त्या घरची थोरली सून कुणी न सांगता पाणी प्यायली. तोंड पुसून ती म्हणाली, “उंद्या आमी दोघं येताव बाय. पाळकबाबांना सांगून ठेवलंय. मंडळीत घ्या म्हनून.”

कृष्णाबाई काय म्हणेल म्हणून हिरामण कान देऊन होता. देवाची स्तुती असो, असं काहीतरी. ती म्हणाली, “दादांच्या पायाची सूज उतरली का?”

मत्सर हा पुस्तकातला शब्द आहे. धुतलेला, इस्त्री केलेला. हिरामणला झालं त्याला साध्या भाषेत जळणं म्हणतात, आणि ते छातीत होत नाही. ते जिभेच्या मुळाशी होतं, जिथं पित्त येतं तिथं. काळूरामसाठी त्यानं काय केलं नव्हतं? सुट्टीच्या दिवशी तो लाँच धरून धरमतरच्या बाजूला जायचा, मिठागराच्या बांधावर उभा राहून भावाला शुभवर्तमान ऐकवायचा. बदला, दादा, अजून वेळ आहे, बदला. काळूराम उघड्या पाठीनं मीठ ओढत राहायचा. खाऱ्या पाण्यानं भेगा पडलेल्या त्याच्या पायांकडे बघत हिरामण नरकाचं वर्णन करायचा, आणि काळूराम एखादे वेळी मान वर करून म्हणायचा, “हिरू, जरा सावलीत उभा र्‍हा, घसा सुकंल.” एवढंच. आणि आता तो येणार होता. न बोलावता. दगड हलला होता आणि तो कुणी हलवला तर हिनं, जिला अजून बोट फिरवल्याशिवाय ओळ वाचता येत नाही.

दगड एकच नव्हता, हे त्याला आता आठवायचं नव्हतं तरी आठवत होतं. आई गेली तेव्हा काळूरामच्या घरात हिरामणला कुणी घेतलं नाही. बाटगा म्हणून तो कुंपणाबाहेर भेंडीच्या झाडाखाली उभा होता, डोक्यावर ऊन, काखेत शास्त्राचं पुस्तक. आणि ही आत होती. हिला कसं घेतलं? हीही तेवढीच बाटलेली. आईचं अंग हिनं पुसलं, आईनं शेवटचं पाणी घेतलं ते हिच्या हातचं, आणि बाहेर त्याला ते कुडातून ऐकू आलं, चमचा तांब्यावर आपटल्याचा आवाज. पोटच्या पोराला कुंपण आणि परक्याच्या पोरीला उंबरा! तेव्हाही तो रडला होता तो आईसाठी की त्या चमच्यासाठी, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही. मग हळूहळू तेच सगळीकडे दिसायला लागलं. कोळीवाड्यात बाळंतीण अडली की रात्र न बघता माणूस हिला बोलवायला. पटकीच्या साली ज्या घरात कुणी पाऊल टाकेना तिथली मढी हिनं धुतली. बाजाराच्या नाक्यावर उभा राहून तो तास तास उपदेश करी आणि लोक त्याचा आवाज ऐकून जात. ही कुणाच्या ओटीवर शेंगा निवडत बसे आणि लोक हिच्याजवळ येऊन बसत. मंडळीत प्रार्थना करायची झाली तर बायका म्हणत, कृष्णाबाईनं करावी. तिची प्रार्थना म्हणजे काय? चार वाक्यं. त्यातही दोनदा अडखळणार. आणि तरी खोलीत काहीतरी बसायचं, धूळ बसते तसं, हे हिरामणलाही जाणवायचं, आणि नेमकं तेच त्याला सहन व्हायचं नाही. देव आवडीनिवडी करतो की काय? पहिला कोण आला होता त्याच्याकडे? हिला ओढून कुणी आणलं?

ओढूनच आणलं होतं. मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेला हिरामण, मिठागराची ओळ मोडून बाहेर पडलेला, त्याला सगळं एका फटक्यात करायचं होतं. बाप सदू मेला होता. देव्हारा रीतीप्रमाणे थोरल्याकडे, काळूरामकडे. काळूराम आगरावर असताना हिरामण त्या घरात गेला आणि देव्हाऱ्यातले टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले ते कुळाचे देव आणि पूर्वज, धोतराच्या सोग्यात घालून घेऊन आला. खाडीच्या बांधावर गोरा साहेब उभा होता, शाळेची पोरं गीत म्हणत होती, खाडी काठोकाठ भरलेली होती. एकेक टाक त्यानं हात मागं नेऊन फेकला. काय झळकत होते! साहेबानं पाठ थोपटली. त्याच तिरमिरीत घरी येऊन त्यानं बायकोच्या कपाळावरचं कुंकू स्वतःच्या अंगठ्यानं पुसलं. ती ओरडली नाही. तिनं फक्त त्याचं मनगट धरलं, आणि तो धडधाकट समोर उभा असताना त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो चौघांच्या खांद्यावरून चाललाय. जिवंत नवऱ्याच्या हातानं कुंकू पुसलं जाणं म्हणजे काय, हे त्या वेळी त्याला कळलं नाही. त्याला तो विजय वाटला. पुढच्या रविवारी तिनं बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी विचारलं, स्वखुशीनं? हिरामणनंच हो म्हटलं, दोघांचं मिळून.

सगुणा गेली. दिवेलागण झाली. कृष्णाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तो खांबाला टेकून तिच्या पाठीकडे बघत होता.

“काय जादू केलीस गो दादावर?”

“मी काय करनार? जात-येत राह्यले.”

“काय सांगितलंस त्याला?”

“त्यांनी इचारलं तेवढंच.”

“मग उंद्या पाळकाच्या खुर्चीत बस. तेवढंच राह्यलंय.”

“खुर्चीत बसलं की पाय अवघडतात माझं,” ती म्हणाली आणि भाकरी उलटली. थट्टा होती की नव्हती, त्याला कळेना. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पहिली भाकरी त्याच्या ताटात वाढली, नेहमीसारखी, पापुद्रा फुगलेली, आणि ती त्याला वाळूसारखी लागली. जेवणाआधी डोळे मिटून त्यानं प्रार्थना म्हटली, आणि मोठ्यानं म्हणत असतानाच आत दुसरी चालली होती. देवा, त्यानं येऊ नये. त्याच्या पायाची सूज वाढो, लाँच चुको, काहीही होवो, पण हिच्या नावावर तो येऊ नये. आणि ‘आमेन’ त्यानं नेमकं कुठल्या प्रार्थनेला म्हटलं हे त्याला ठाऊक होतं. घाबरला का? थोडा. पण माघार घेतली नाही. घास गिळला.

काळूराम आला. रविवारी ओहोटी होती, किल्ल्यापर्यंत चालत जावं इतकं पाणी मागं सरलेलं, आणि उपासनामंदिराच्या उघड्या दारातून चिखलाचा वास आत येत होता. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, मध्ये चटईवर लंगडत आलेला काळूराम आणि त्याच्या मागं अर्धी लपलेली सगुणा. काळूरामच्या मांडीवर एक फडकं होतं, गाठ मारलेलं. समोरच्या बाकावर पंच: पाळक धर्माजीबाबा, मिशनच्या शाळेचे मोरूमास्तर आणि हिरामण. मंडळीची रीत अशी की नव्यानं येणाऱ्याला सगळ्यांदेखत प्रश्न विचारायचे, मग बाप्तिस्मा, मग सगळ्यांनी मिळून प्रभुभोजन, एकाच प्याल्यातून. प्रश्न कायम हिरामणच विचारी. आवाज होता म्हणून.

नेहमीचे प्रश्न झाले. काळूराम आगरावरच्या बोलीत उत्तरं देत होता, आखूड, कधी चुकीची. आणि मग हिरामणनं तो प्रश्न विचारला जो कुणी विचारायला सांगितला नव्हता. रात्रभर तो त्याच्या तोंडात होता. “तुला प्रभूकडे कुणी आणलं?” त्याला वाटलं, इथं तरी, देवाच्या घरात, पाठचा भाऊ म्हणून, लोकलाजेनं तरी दादा त्याचं नाव घेईल.

“तू न्हाय,” काळूराम म्हणाला. बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. “रागवू नको हिरू. मीठ उनानं धरतं, वरडून न्हाय धरत. तू लई वरडलास. मला हिनं आनलं, तुज्या बायकूनं. सांगू कसं? तू देव खाडीत फेकलंस त्या दिशी. भरतीचा फेकलास. मिठागरावर जल्मलास आन् येवढं न्हाय कळलं तुला? भरतीत टाकलेलं ओहोटी दाखवते. सांजंला पानी उतरलं आन् सगलं टाक चिखलात चमकाय लागलं, पोरं बोटं दाखवाय लागली. मी कोयता घेऊन तुज्या घराकडं निघालोच हुतो. तर ही दारात. मांडीपर्यंत चिखल, पदरात देव. म्हनाली, दादा, ह्ये तुमचं हायत, मोजून घ्या. आमी ह्यांना भजत न्हाय आता. पन चोरून आनल्यालं माज्या देवाला चालत न्हाय.” त्यानं घसा खाकरला. “कोयता मी तिथंच ठेवला. येवढी वर्सं त्यो शब्द चघळतोय. असला कसला देव, म्हनलं, की ज्याला माज्या देवांचीबी चोरी चालत न्हाय? म्हनून आलो. आन् ह्ये आनलंत,” त्यानं मांडीवरच्या फडक्यावर हात ठेवला. “फेकनार न्हाय मी. काय करायचं त्ये तुमी सांगा.”

मग मोरूमास्तरांनी चष्मा पुसला. मास्तर वाईट माणूस नव्हता. नियमाला धरून चालणारा होता, आणि तसली माणसं वाईटापेक्षा जड जातात. “म्हणजे मंडळीतल्या बाईनं मूर्ती परत नेऊन दिल्या. पूजेसाठी. आणि इतकी वर्षं पंचांपासून लपवलं. हे साधं नाही. आधी कृष्णाबाईंची चौकशी व्हायला हवी, आणि तोवर त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावं लागेल. हिरामण, त्यांना पुढे बोलवा.”

“तिला गुन्हेगार म्हनून हुभी करनार आसाल,” काळूराम फडकं उचलत म्हणाला, “तर आमी निघतो. सगुने, ऊठ.”

पाळकांनी डोळ्यांवर हात धरला होता. ते हळूच म्हणाले, “हिरामण, तुमच्या घरची गोष्ट. तुम्ही म्हणाल तसं.”

तर असं ते ताटात वाढून आलं. काल मागितलं होतं तेच. एक शब्द, आणि ही सगळ्यांच्या मागं, दारापाशी, प्याल्यापासून दूर, दादा खाडीपल्याड, आणि बाकावर हिरामण, स्वच्छ, न चुकलेला, आधी आलेला. जिभेच्या मुळाशी ते पित्त गोड झालं. होय, गोड. तो क्षणभर त्यात बुडून राहिला. त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. ती मान खाली घालून बसली नव्हती. काळूरामच्या सुजलेल्या पायाकडे बघत होती, चटईवर तो नीट टेकलाय का ते. आणि हिरामणला ती संध्याकाळ आली. आठवली नाही, आली. ही मागल्या दारानं घरात शिरतेय, मांडीपर्यंत काळी, आणि तो अंगठ्याला अजून कुंकू लागलेला, ओरडतोय, कुठं गेलतीस? शिवल्या काढाय. मग शिवल्या कुठायत? मिळाल्या न्हाईत. खाडीच्या बाईला ओहोटीच्या चिखलात शिवल्यांचे चार शिंपले मिळाले नाहीत आणि त्यानं ते खरं मानलं, कारण त्याला तिच्याकडे बघायलाच सवड नव्हती. त्याला साहेबाची थाप अजून पाठीवर जाणवत होती. त्यानं काय काय बदललं होतं! देव, डोक्यावरचं पागोटं, गाव, बसायची जागा. सगळं बांधावर उभं राहून. पायाला चिखल न लावता. आणि ही, जिला त्यानं ढकललं, ती ढकललेल्या जागी पडून राहिली नाही. त्या चिखलात उतरली आणि त्याच सांजेला, बाप्तिस्म्याचं पाणी लागायच्या आधीच, दुसरी होऊन बाहेर आली. आईच्या घराचा उंबरा हिला का उघडला, ते आत्ता कळलं. त्याच्या छातीत कळ उठली. ती पश्चात्तापाची होती असं कुणी सांगेल तर खोटं. त्याला त्या चिखलाचा हेवा वाटला. इतका हेवा त्याला जन्मात वाटला नव्हता. त्याला तो स्वतःच्या पायांना हवा होता.

“हिरामण,” मास्तर म्हणाले, “बोलवा त्यांना.”

तो उठला. हात आपोआप छातीकडे गेला, तिथं आज पट्टा नव्हता. बायको परकी झाली की मग नाव घेता येतं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि गेलं. त्यानं श्वास भरला. बाहेर रस्त्यावरचा बैलगाडीवाला थबकला इतक्या मोठ्यानं त्याचा आवाज त्या लहानशा मंदिराच्या भिंतींवर आदळला.

“आरोपी हिरामण बिन सदू, हाजिर हो!”

मास्तरांचा चष्मा हातातच राहिला. हिरामण पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदाही, रीत ती रीत. तिसऱ्या खेपेला आवाज फाटला. मग तो बाकावरून उतरला, चार पावलं चालला आणि चटईवर भावासमोर उभा राहिला. “आरोप चोरीचा,” तो म्हणाला, आता अगदी साध्या आवाजात, तो आवाज मंडळीनं कधी ऐकला नव्हता. “देव कुणाचेही असोत, मी दादाच्या घरातून चोरले. तिनं चोरीचा माल धन्याला दिला. प्याल्यापासून दूर राहायचं तर मी राहीन.”

काळूरामनं उचललेलं फडकं पुन्हा मांडीवर ठेवलं. थोडा सरकला. “बस मेल्या,” तो म्हणाला, “हुभ्यानं किती वरडशील?”

पण हिरामण बसला नाही. जळणं थांबलं नव्हतं. ते तिथंच होतं, जिभेच्या मुळाशी, उद्याही असणार होतं. पण त्याच्या वर, त्याच गळ्यात, इतकी वर्षं अडलेलं एक नाव होतं, आणि त्याला वाट हवी होती. तो डावीकडे वळला. साऱ्या बायकांनी माना वर केल्या. या वेळी त्याला ओरडावं लागलं नाही.

“साक्षीदार,” तो म्हणाला, “कृष्णाबाई.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. पदर नीट केला. नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव पहिल्यांदा ऐकलेली बाई लाजेल असं कुणाला वाटलं असेल. तिच्या कपाळाला फक्त एक आठी पडली, ऐकायला जरा उशीर झाला तर पडते तशी.

“हायच की मी हितं,” ती म्हणाली. “येवढी वर्सं मी कुठं गेलती?”